जोत्यातली माती

यमुताईचं पोतं टेम्पोवरून उतरवलं गेलं, पण जोत्यात काही पडलं नाही. बाकीच्यांची पोती एकामागून एक आत रिकामी होत होती आणि तिचं तेवढं विटांच्या ढिगाला टेकून उभं होतं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं.

नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या त्या लेआउटमध्ये विहाराचं बांधकाम चाललं होतं. तिथली बहुतेक घरं एकाच गावची, भिवापूरकडची. कोणी ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवत असे, कोणी ट्रक चालवत असे, कोणी म्हातारपणी लेकाच्या मागे आलेलं. गाव सुटलं होतं, पण वावर कोणी विकलं नव्हतं. म्हणून जोत्याच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा बैठकीत ठरलं, की जोत्याच्या पोटात भर घालायची ती विकतची नको. प्रत्येक घरानं आपापल्या वावरातली माती आणायची, घरटी एक पोतं; उरलेली भर गावच्याच तळ्यातल्या काळ्या गाळानं पुरी करायची. गावची माती बुद्धाच्या पायाखाली राहील. ऐकून यमुताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. लेकाला न सांगता ती एसटीनं गावी गेली, टेकडीखालच्या आपल्या वावरात बसून स्वतःच्या हातानं माती खणली, खडे मोठे मोठे होते ते वेचून टाकले आणि पोतं शिवलं. नवऱ्याची राख त्याच वावरात पसरली होती. तेही तिच्या मनात होतंच.

समितीचे अध्यक्ष देवराव जोत्यापाशी डोक्याला दुपट्टा बांधून उभे होते. गोदामात तीस वर्षं मुकादम राहिलेला माणूस. उतरणाऱ्या मालाकडं बघायची त्यांची सवय गेली नव्हती. त्यांनी त्या पोत्याचा टाका उसवला, मूठभर माती काढली आणि तळहातावर पसरून पाहिली. लाल, कोरडी, बारीक खड्यांची.

"हे कोनाचं पोतं?"

"माहं," यमुताई पुढं येत म्हणाली.

"बरडी हाये हे."

"मंग? माह्या वावरात बरडीच हाये. दुसरी कुठून आनू?"

"तसं नाही म्हणून राहिलो, यमुताई. वर मूर्ती बसनार हाये. माती चांगली पाहिजे. बाकी समद्याईनं काळी आनली, पाहून घ्या."

तिनं पाहिलं. खरंच, जोत्यातला ढीग काळाभोर होता. ज्यांच्या वावरात काळीचा एक कोपराच होता त्यांनीही नेमका तोच कोपरा खणून आणला होता. ज्यांचं वावर मोरंडीचं, त्यांनी शेजाऱ्याला मागून काळी आणली होती, आणि ते कोणी तोंडानं बोलत नव्हतं.

ताराचंद मिस्त्री थापी पुसत म्हणाला, "भाऊ, मी तं म्हणतो काळी भरूच नका. थे फुगते. मुरूम टाका."

"मिस्त्री, आमच्या बापजाद्याईच्या वावराची माती हाये थे. तुम्ही इटा लावा," देवराव म्हणाले.

सगळे हसले. काळी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण वावरातली गोष्ट वावरात. पोत्यात भरून आणली की ती माती राहिली नव्हती, मान झाली होती. मिस्त्रीचं कोणी ऐकलं नाही. यमुताईनंही ऐकलं नाही. तिचं लक्ष आपल्या पोत्यावर होतं.

देवरावांची बायको सिंधूताई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "असं कर वं यमू, माह्या पोत्यातली अर्धी तुह्या नावानं टाकू. नाव तुहं, माती माही. कोनाले समजते?"

सिंधूताईच्या मनात वाईट नव्हतं. तिनं खरोखर मदत म्हणूनच सांगितलं. पण यमुताईच्या अंगाला आग लागली ती तिथं लागली.

"नाव उसनं देते का वं मले?" ती म्हणाली. "ठेव तुही काळी तुह्यापाशी."

लेक प्रेमानंद मोटारसायकल घेऊन आला आणि पोतं मागच्या सीटवर बांधून घरी घेऊन गेला. यमुताई मागून पायी गेली. अमरावती रोडवरचे ट्रक तिच्या अंगावर धूळ उडवत गेले, तिकडं तिचं ध्यान नव्हतं.

तिच्या रागाची मुळं त्या दिवसाच्या फार खाली होती.

गावात मातीचे चार वर्ग. पहिली काळी. ओली असली तर पायाला अशी चिकटते की चप्पल सोडून चालावं लागतं, आणि उन्हाळ्यात भेगा अशा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. पण पाऊस पोटात धरून ठेवते; दिवाळीनंतर आभाळातून थेंब आला नाही तरी हरभरा तिच्यात उभा राहतो. दुसरी मोरंड, काळीहून जरा फिकी, चुनखडीचे पांढरे खडे असलेली, मिरचीला मानवते. तिसरी खरडी, भुरकट, हातभर खाली दगड. आणि शेवटची बरडी, टेकडीच्या अंगाची, लाल, वीतभर खणलं की मुरूम. पाणी तिच्यावर पडतं आणि वाहून जातं. पावसानं जरा ओढ दिली की पीक करपलं. तीळ होतो, कुटकी होते, नशीब असेल तर तूर.

हे झालं मातीचं. त्यात कोणाला राग यायचं कारण नाही. फरक असतो म्हणूनच तो ओळखून पेरावं लागतं. पटवाऱ्यानं चार वर्ग केले ते सारा बसवायला केले. पण तेच चार वर्ग गावानं उचलून माणसांना लावले, आणि यमुताईला जन्मभर न पचलेली गोष्ट ही, की ते आपल्याच माणसांनीही लावले.

तिच्या सासऱ्यानं आणि देवरावांच्या वडिलांनी नागपुरात एकाच मैदानावर, एकाच दुपारी दीक्षा घेतली होती. एकाच बैलगाडीतून गेले, पांढरे सदरे घालून परत आले. वरचा-खालचा आता संपला असं म्हणत आले. पुढं सरकारनं भूमिहीनांना सीलिंगच्या कायद्यात काढून घेतलेली जमीन वाटली तेव्हा चिठ्ठ्या काढल्या. देवरावांच्या वडिलांच्या चिठ्ठीत नाल्याकाठची काळी निघाली, यमुताईच्या सासऱ्याच्या चिठ्ठीत टेकडीची बरडी. पोरानं डोळे मिटून डब्यातून उचललेल्या चिठ्ठ्या त्या. पण दहा वर्षांत काळीवाल्यांच्या दारात बैलजोडी आली, वीस वर्षांत पोरं कॉलेजात गेली, आणि बरडीवाले त्यांच्याच वावरात मजुरीला जाऊ लागले. मग सोयरीक जमवताना विचारणं सुरू झालं, वावर कोणत्या मातीचं आहे. यमुताईची नणंद सिंधूताईच्या दिराला सांगून गेली होती. तिकडून निरोप आला की पोरगी चांगली आहे, पण बरडीतली आहे. यमुताई तेव्हा नवी सून होती. चुलीपुढं बसून नणंद भाकरी थापत राहिली, ते यमुताईनं पाहिलं होतं.

आता वाडीत तर कोणी नांगर धरत नव्हतं. सगळ्यांच्या खोल्यांना तेच सिमेंट, तोच पत्रा. तरी नळावर दोन यमुताया असल्या तर तिला ओळखायला शब्द होता, बरडवाली.

पोतं दारापाशी उभं राहिलं. सून मोनाली येता-जाता त्याला अडखळायची.

"आई, याच्यात कढीपत्ता लावू काय? कुंड्या पडल्याच हायेत."

"कढीपत्त्यासाठी नाही आनली थे."

"मंग कायच्यासाठी ठेवली?"

"ठेवली," यमुताई म्हणाली, आणि विषय संपला.

पुढच्या बैठकीत ती गेली. बायका सतरंजीच्या कडेला बसतात तिथं बसली आणि फरशीच्या रंगावर चर्चा चालू असताना उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, माही माती काहून परत केली थे समद्याईसमोर सांगा."

देवराव चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "यमुताई, झालं ना आता थे. पाहा, फरक मातीमातीत राहते. माणसामाणसात नाही राहत."

"मंग नळावर बरडवाली कोनाले म्हणता गा?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. देवरावांचा चेहरा उतरला. "थे ओळखाले म्हणतात. चिडवाले नाही."

"तुम्हाले कोनी काळीवाले म्हणते काय, ओळखाले?"

"आता जोतं भरून झालं. कोबा टाकला. तुमच्या एका पोत्यासाठी फोडू काय?"

"फोडा म्हटलं नाही मी. चुकलं म्हणा, म्हटलं."

देवरावांनी सचिवाला खूण केली. सचिवानं विषयपत्रिकेवरचा पुढचा मुद्दा वाचला. पांढऱ्या फरशीवर एकमत झालं. यमुताई उठून घरी आली आणि त्या दिवसापासून विहारात जाणं तिनं बंद केलं. मूर्ती बसली, मोठा कार्यक्रम झाला, खीरदान झालं. ती घरच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायची. प्रेमानंद म्हणाला, "माय, एवढ्याशा मातीवरून का करून राहिली?" तर ती म्हणाली, "एवढीशी होती तं घ्यायची होती त्याईनं."

पावसाळा आला तसा गल्लीत चिखल झाला. एका सकाळी प्रेमानंदची गाडी दारातच घसरली. त्यानं आईला न विचारता पोतं फोडलं आणि सगळी माती दारापुढच्या चिखलात पसरली. ती लगेच बसली, घट्ट झाली, गाडी सरळ निघाली. यमुताई दळण घेऊन आली तेव्हा शेजारपाजारचे तिच्या मातीवरून चालत होते. ती दळणाचा डबा धरून तिथंच उभी राहिली. मग आत गेली आणि दोन दिवस लेकाशी बोलली नाही. प्रेमानंदला वाटलं, म्हातारी आता वेडी होणार.

त्याच पावसात विहारात पहिली फरशी उचलली गेली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग वंदनेला बसलेल्या बायकांना खाली उंचवटा टोचू लागला. आठवड्याभरात हॉलच्या मधोमध फरशी अशी फुगली की लहान पोरं तिच्यावरून गोट्या सोडू लागली. दरवाजा चौकटीत अडकला. उत्तरेच्या भिंतीला खिडकीपासून तिरपी भेग गेली. देवरावांनी ताराचंद मिस्त्रीला बोलावून सगळ्यांसमोर झापलं. सिमेंटमध्ये रेती जास्त घातली म्हणाले. ताराचंद शांतपणे म्हणाला, "खोदून पाहा. मंग मले बोला."

लेआउटमधलाच अश्विन इंजिनिअर होता. त्यानं मधल्या चार फरशा काढून कोबा फोडायला लावला. खाली काळी माती भिंतींमधून झिरपलेलं पाणी पिऊन परातीत भिजवलेल्या कणकेसारखी वर आली होती. अश्विन म्हणाला, ही सगळी काढावी लागेल, आणि आत मुरूम भरावा लागेल. मुरूम फुगत नाही. उन्हाळ्यात ही आकसली असती तर फरशी खाली गेली असती आणि पुन्हा पावसात वर. दरवर्षी तेच.

"मिस्त्री म्हणाले नव्हते काय?" त्यानं विचारलं.

दोन दिवसांनी देवराव आणि सिंधूताई यमुताईच्या दारात उभे राहिले. घट्ट झालेल्या लाल मातीवर चप्पल काढून आत आले. मोनालीनं चहा टाकला. देवराव पहिल्यांदाच त्या घरात खाली चटईवर बसले होते. गुडघे कुठं ठेवावे हे त्यांना समजत नव्हतं.

"यमुताई, तुमच्या कानावर आलंच असन," ते म्हणाले.

"आलं."

"आता मुरूम पाहिजे. खदानीतून आनाचा म्हणजे परवाना, रॉयल्टी, समदी लफडी. तुमचं वावर तं पूरं मुरमाचं हाये. दोन टिप्पर खोदून आनू, तुमची हरकत नसन तं. वावर पडीकच हाये ना तसं."

यमुताई त्यांच्याकडं बघत राहिली. ते चुकलं म्हणायला आले आहेत असं दार उघडताना तिला क्षणभर वाटलं होतं. तेवढ्याचाच तिला आता जास्त राग आला.

"मंग आता चालते काय बरडी?" ती म्हणाली.

सिंधूताई घाईनं म्हणाली, "चालते म्हणजे काय वं, आता तं तुहीच माती कामाची निंगाली. पाहा कसं हाये. तुह्याच मातीवर विहार उभा राहीन. साऱ्याईत तुहं नाव होईन."

"कामाची निंगाली म्हणून घेता. नसती निंगाली तं?"

"आता काहून उकरून काढतेस?"

"मी नाही उकरलं. फरशी तुमची उकरली."

आत मोनालीला हसू आलं आणि तिनं गॅस मोठा केला. देवरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "मंग देता का नाही, एवढं सांगा. पंचवीस घरांचा प्रश्न हाये."

"माह्या सासऱ्याचं वावर हाये थे, खदान नाही," यमुताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागत होता. "तुमच्या काळीतून कोनी दोन टिप्पर मागितले तं देसान काय? तुमचं एक पोतं घेतलं ना? शेवंताबाईचं एक घेतलं, धोंडबाचं एक घेतलं. माहंबी एक घ्या. एकाच्या वर एक घमेलं नाही देनार. बाकी मुरूम खदानीतून आना."

"एका पोत्यानं काय होते, यमुताई?"

"तवाबी काही होत नव्हतं. तवा घेतलं असतं तं मले पुरत होतं."

चहा आला. देवराव बशीत ओतून प्यायले आणि उठले. गल्लीत गेल्यावर सिंधूताईचा आवाज आत ऐकू आला, "एवढा ताठा बरा नाही म्हणा," आणि देवराव काहीतरी बोलले ते कळलं नाही.

संध्याकाळी प्रेमानंद भडकला. "माय, ते घरी आले, खाली बसले. अजून काय पाहिजे तुले? देऊन टाकाचे होते दोन टिप्पर. साऱ्याईनं तुही तारीफ केली असती."

"तारीफ नाही पाहिजे मले. काल खाली टाकत होते, आज डोक्यावर घेऊन राहिले. मले दोन्ही जागा नाही पाहिजे. समद्याईत बसाचं हाये."

प्रेमानंदला ते किती समजलं कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी त्यानं सुटी टाकली आणि आईला मोटारसायकलवर गावी घेऊन गेला. या वेळी माती त्यानं खणली. यमुताई बांधावर बसून सांगत होती, तिकडची नको, पळसाखालची घे.

मुरूम शेवटी खदानीतूनच आला. परवान्यासाठी देवरावांना चार खेटे घालावे लागले, त्याचा राग त्यांच्या कपाळावर दिसत होता. भर घालायच्या दिवशी लेआउटमधली माणसं जमली. हॉलमधली काळी खोदून बाहेर रस्त्याकडेला टाकली होती; चिकट, ओली, माणसाच्या छातीएवढी उंच रास. ताराचंदचे मजूर आत मुरूम पसरवून वर पाणी मारत होते आणि धुम्मसानं ठोकत होते.

यमुताई पोतं घेऊन आली. बायकांनी वाट दिली. तिनं पोत्याचं तोंड सोडलं, कोणाला न विचारता आत उतरली आणि माती ओतली. मजुरानं त्या मातीवरून धुम्मस फिरवलं. ती खदानीच्या मुरमात मिसळून गेली. कुठली कोणती हे लगेच ओळखू येईना. यमुताईला तेच हवं होतं.

देवरावांनी घसा साफ केला. माणसं जमली की त्यांना बोलावं लागायचं. "बंधू-भगिनींनो, आपन बरडीले कमी लेखलं. पन आज समजलं, बरडीच खरी. काळी निकामी निंगाली. यमुताईची माती..."

"थांबा गा," यमुताई आतूनच म्हणाली.

देवराव थांबले.

"काळी निकामी कोनं म्हटली? मी म्हटली काय? आजवर काळीचंच खाल्लं ना समद्याईनं? माह्या घरातला दाना तुमच्याच वावराच्या मजुरीचा होता. आता बरडी मोठी आन् काळी लहान, असं उलटं लावू नका. लावाचंच बंद करा."

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. दोन मजूर काळ्या मातीची रास फावड्यानं ट्रॉलीत भरू लागले होते.

"कुठी नेऊन राहिले हे?" यमुताईनं बाहेर येत विचारलं.

"नाल्यात," मजूर म्हणाला. "साहेबानं सांगतलं."

तिनं वळून देवरावांकडं पाहिलं, आणि आता मात्र तिचा आवाज चढला. "नाल्यात? शेवंताबाई पोतं डोक्यावर घेऊन एसटीत बसली होती. धोंडबा त्या मातीले हात लावून रडला होता, मी पाहिलं. तुमच्या सोताच्या बापाची माती हाये त्याच्यात, देवराव. नाल्यात घालता? माही परत केली तवा दारात तं ठेवली होती मी. तुम्ही तं फेकून राहिले."

देवरावांनी हे मनात आणलंच नव्हतं. बिघडलेला माल बाहेर काढायचा असतो, एवढंच त्यांना माहीत होतं. सिंधूताई राशीकडं बघत होती. मग ती पुढं गेली आणि मजुराच्या हातातलं फावडं धरलं.

"थांब रे बापू," ती म्हणाली.

"मंग कुठी टाकू?" मजूर वैतागला. "ट्रॉली भरून राहिली ना बाई."

यमुताईनं अश्विनला हाक मारली. "काय गा, हे बाहेर टाकली तं भिंतीले धोका हाये काय?"

अश्विननं अंगण डोळ्यांनी मोजलं. "भिंतीपासून लांब टाका. त्या कुंपणाच्या कडेला चालते. झाडं लावता येतीन."

मजुरांनी ट्रॉली वळवली. कुंपणाच्या कडेला माती पडू लागली आणि माणसं घमेली घेऊन ती पसरवायला लागली. शेवंताबाईनं पदर खोचला. प्रेमानंद आतलं धुम्मस सोडून बाहेर आला. काळी हाताला, पायाला, फावड्याला चिकटत होती. कोणाचे पाय उचलत नव्हते, त्यावरून एकमेकांना चिडवणं सुरू झालं.

देवराव जरा वेळ पायरीवर उभे राहिले. मग चप्पल काढून चिखलात आले आणि यमुताईच्या शेजारी घमेलं धरलं. दोघांनी बऱ्याच खेपा केल्या. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "चुकलं तवा. तुमची घ्याले पाहिजे होती."

"हे मले नका सांगू," यमुताई घमेलं भरत म्हणाली. "बैठकीत सांगा. परतबी समद्याईच्या समोरच केली होती."

"सांगतो."

"आन् नळावरचंबी."

"थेबी सांगतो. आता तं राग गेला?"

यमुताईनं भरलेलं घमेलं त्यांच्या हातात दिलं.

"पहिले हे तिकडं टाका," ती म्हणाली. "बैठक होऊ द्या. मंग पाहू."